ब्रिटिश सूप आणि ब्रॉथ घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ हिवाळे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला काढले. आता पुण्यात परतल्यावर तीच सूपं इथल्या मंडईतल्या सामानातून करते. मैत्रिणी, जावा-नणंदा आणि तिकडे नव्याने शिकायला गेलेली भाचरं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते एकदाचे लिहून काढले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत उरकली आहेत.

ब्रॉथ आणि सूप एकच का?

व्यवहारात लोक दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात. तरी ब्रॉथ म्हटलं की हाडं, मांस, भाज्या, धान्य जे काही ज्या पाण्यात शिजलं त्या पाण्यासकट वाढायचं. गाळायचं नाही, वाटायचं नाही. सूप वाटलेलं, दूध घातलेलं किंवा पिठाने दाट केलेलंही असू शकतं. आणि स्टॉक म्हणजे गाळून घेतलेलं नुसतं पाणी, पुढच्या पदार्थाचा कच्चा माल.

फोडणी नाही, वाटण नाही, आलं-लसूण नाही. मग चव येते कुठून?

कोल्हापूरकडच्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मटणाचा बेत असला की तिखट-मसाला पडण्याआधी अळणी बाजूला काढून ठेवतात, घरातल्या लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी. स्कॉच ब्रॉथ हे त्या अळणीचंच लांबचं भावंड समजा; हळद आणि आलं-लसूण वजा, भाज्या आणि जव अधिक.

चव तीन ठिकाणांहून येते. पहिलं ठिकाण हाडं. मानेच्या आणि नळीच्या आजूबाजूला जो चिवट पांढरा भाग असतो, तो तासाभराच्या मंद आचेवर विरघळून त्याचं जिलेटिन होतं. ब्रॉथ ओठांना किंचित चिकटतं ते त्यामुळे, आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावर थरथरणाऱ्या जेलीसारखं बसतं तेही त्यामुळेच. दुसरं ठिकाण गाजर, कांदा, लीक (कांद्याच्या कुळातली जाड पांढऱ्या देठाची भाजी) यांची गोडी. तिसरं, जवाचा किंवा वाटाण्याचा पीठूळपणा, जो पाण्याला अंग देतो.

म्हणून मांस थंड पाण्यात घालून सुरुवात करायची. पाणी तापताना वर करडा फेस येईल तो चमच्याने काढत राहायचा. त्यानंतर आच इतकी कमी की कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा. खळखळा उकळलंत तर चरबी फुटून पाण्यात मिसळते आणि सगळं गढूळ, तुपकट होतं. मीठ आणि पांढऱ्या मिरीची पूड शेवटी.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी कुणाचं लक्ष नाही बघून अर्धा चमचा गरम मसाला ढकलला होता. वाईट लागलं नाही, पण ते धड अळणी राहिलं नाही आणि धड रस्साही झालं नाही. एकदा तरी काहीही न घालता करून बघा. मग काय करायचं ते तुमच्या जिभेवर सोडते.

सुरुवात कुठल्या प्रकाराने करावी?

स्कॉच ब्रॉथने. त्यात बिघडण्यासारखं फार कमी आहे.

सहा जणांसाठी मानेचं मटण हाडासकट पाऊण किलो, पाणी दोन लिटर, पर्ल बार्ली (कोंडा काढलेले जव) मूठभर म्हणजे साधारण ७५ ग्रॅम, रात्रभर भिजवलेले सुके वाटाणे तेवढेच, एक मोठा कांदा, दोन गाजरं, एक मध्यम सलगम, एक-दोन लीक, पत्ताकोबीची चार-पाच पानं आणि पार्स्ली. मटण, बार्ली आणि वाटाणे पाण्यात घालून फेस काढत तासभर शिजवा. मग कांदा, गाजर, सलगम बारीक चौकोनी चिरून घाला, आणखी अर्धा तास. लीक आणि कोबी अगदी शेवटची दहा मिनिटं, म्हणजे हिरवेपणा राहतो. मटण बाहेर काढा, हाडं वेगळी करा, मांसाचे तुकडे परत पातेल्यात टाका. मीठ, मिरी, भरपूर चिरलेली पार्स्ली. संपलं.

तिकडच्या जुन्या घरांत कोबीऐवजी केल (कोबीच्याच कुळातली पालेभाजी) असायचं. परसातल्या भाजीच्या तुकड्याला तिथे 'केलयार्ड' म्हणत, आणि केल हा शब्द भाजीपुरता न राहता सूपालाही लागू झाला होता.

या ब्रॉथचा सगळ्यात नामांकित गिऱ्हाईक म्हणजे डॉ. सॅम्युएल जॉन्सन. आपल्या १७५५च्या शब्दकोशात त्यांनी ओटची व्याख्या करताना, हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात, असा चिमटा काढला होता. १७७३ साली बॉसवेल या आपल्या स्कॉटिश मित्राबरोबर फिरताना ॲबर्डीनला त्यांच्या ताटात जव आणि वाटाणे घातलेलं हे ब्रॉथ आलं. गृहस्थांनी ताटल्यांवर ताटल्या रिचवल्या. यापूर्वी कधी खाल्लं नव्हतंत ना, असं बॉसवेलने विचारल्यावर, नाही, पण पुन्हा लवकर मिळालं तरी माझी हरकत नाही, अशा अर्थाचं उत्तर दिलं. शेजारच्या आजींनी मला पहिल्यांदा वाडगा दिला तेव्हा त्यांनी हा किस्सा सांगितला होता, आणि तोही विजयी चेहऱ्याने.

पर्ल बार्ली मिळाली नाही तर?

मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. नसेल तर आपले अख्खे जव घ्या, वाण्याकडे काही ठिकाणी सातू म्हणून मागावे लागतात. पर्ल बार्लीचा कोंडा घासून काढलेला असतो, अख्ख्या जवाचा नसतो, म्हणून जव रात्रभर भिजवा आणि अर्धा तास जास्त धरा. तांदूळ घालू नका. त्याची पेज होते. आणि मूठभर म्हणजे मूठभरच. बार्ली फुगते, दुसऱ्या दिवशी तर पातेल्यात चमचा उभा राहील इतकी.

तिकडे मेंढीचं, इकडे बोकडाचं. चालेल का?

चालेल. बोकडाच्या मटणात चरबी कमी असते आणि शिजायला वेळ लागतो, म्हणजे ब्रॉथसाठी फायदाच. खाटकाला मान आणि थोडी नळी सांगा. मांडीचं मऊ मटण यात घालणं म्हणजे पैशांचा चुराडा. मेंढीचं मिळत असेल तर ब्रॉथ रात्रभर थंड करून वर बसलेली चरबीची पापडी उचलून टाका.

प्रेशर कुकरमध्ये केलं तर कुणी रागावेल का?

कोण रागावणार? मी स्वतः मटण आणि भिजवलेले वाटाणे कुकरलाच लावते, मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं. बार्लीही त्यातच जाते, पण मग कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. बार्ली आणि वाटाण्यांचा फेस शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो. फेस काढून मगच झाकण लावा. गाजर-सलगम आणि पुढचं सगळं झाकण उघडल्यावर, नेहमीसारखं. कुकरमध्ये सगळं एकदम कोंबलंत तर लीकचा चोथा आणि कोबीचा वास, दोन्ही मिळतील.

वाटाणे दोन तास झाले तरी दगडासारखे आहेत. काय चुकलं?

बहुधा पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम वाटाण्याच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून ते मऊ होत नाहीत. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही अशी तक्रार ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे ठाऊक आहे. ब्रिटनमध्येही हाच भेद आहे: लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड, स्कॉटलंडचं हलकं. माझ्या ॲबर्डीनच्या पातेल्यात जे वाटाणे तासाभरात फुटायचे, तेच लंडनला बहिणीकडे हट्टाला पेटले होते.

भिजवण्याच्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घाला आणि सकाळी ते पाणी ओतून द्या. जास्त सोडा घातला तर साबणासारखी चव येते. वाटाणे फार जुने असतील तर मात्र सोडाही हात टेकतो. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू असलं आंबट काहीही वाटाणे शिजण्याआधी घालू नये.

हॅम घातलेलं वाटाण्याचं सूप फार खारट झालं.

हॅमचा जो पायाचा तुकडा त्यात घालतात, तो मिठाच्या पाण्यात मुरवलेला असतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, किंवा थंड पाण्यात घालून एक उकळी आणा आणि ते पाणी फेकून द्या. नंतर ४०० ग्रॅम वाटाण्याची डाळ, कांदा, गाजर, सेलरीचा एक देठ, तमालपत्र आणि दोन-सव्वादोन लिटर पाणी. दीड-दोन तासांत डाळ आपोआप विरघळते आणि मांस हाडावरून सुटतं. चाखल्याशिवाय मीठ घालायचं नाही. बहुतेक वेळा लागतच नाही. पुणे, मुंबई, गोव्यात कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत असा तुकडा सांगून ठेवला तर मिळतो. नाहीच मिळाला तर स्मोक्ड बेकनच्या चार-पाच पट्ट्या.

हे सूप इतकं दाट आणि पिवळट-हिरवं असतं की लंडनच्या कोळशाच्या धुरकट धुक्याला लोक 'पी-सूपर' म्हणू लागले. असल्या धुक्यातलं सर्वांत भयंकर डिसेंबर १९५२चं, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंतचं, ज्यात हजारो माणसं दगावली आणि त्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. गंमत म्हणजे धुक्याला 'लंडन पर्टिक्युलर' असंही एक नाव होतं, आणि ते नाव उलटं फिरून या सूपालाच चिकटलं. सूपावरून धुकं, धुक्यावरून सूप.

आम्ही शाकाहारी आहोत. आमच्यासाठी यात काही आहे का?

आहे की. लीक-बटाट्याचं सूप मुळातच शाकाहारी होऊ शकतं: तीन लीक लोण्यात झाकण ठेवून मऊ करा, लाल होऊ देऊ नका, मग तीन बटाटे, लिटरभर पाणी, शेवटी कपभर दूध, आणि अर्धवट वाटा. मिक्सरमध्ये फार वेळ फिरवलंत तर बटाट्याचा चिकट गोंद होईल.

वाटाण्याच्या सूपात हॅमचं काम दोन गोष्टी करतात, मीठ आणि धूर. धूर हवा असेल तर निखाऱ्यावर तुपाचा थेंब टाकून धुरी द्या. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण पातेल्याला चव कळते, पासपोर्ट कळत नाही.

आणि मसूर. स्कॉटलंडच्या घराघरात, शाळेत, कॅन्टीनमध्ये जे लेंटिल सूप असतं ते आपल्या लाल मसूर डाळीचं. पाव किलो डाळ, दोन किसलेली गाजरं, कांदा, दीड लिटर पाणी, अर्धा-पाऊण तास. मूळ प्रकारात हॅमचं हाड असतं, पण हाडाशिवायही उत्तम होतं. हळद घालायला हात शिवशिवेल. घातलीत की आमटी झाली.

लीक कुठे मिळते आणि तिच्यात एवढी माती का निघते?

पुण्या-मुंबईत परदेशी भाज्यांच्या गाळ्यावर. माती निघते कारण देठ पांढरा राहावा म्हणून वाढताना तिच्याभोवती मातीची भर घालत जातात, आणि ती पानांच्या पदरात शिरते. उभी चीर देऊन वाहत्या पाण्याखाली पदर उलगडून धुवा. कापून मग धुतलीत तर माती भांड्याच्या तळाशी बसते, म्हणून तुकडे वरच्यावर उचलून घ्या, चाळणीत ओतू नका. बदली म्हणून पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि थोडा साधा कांदा एकत्र घ्या. चव जरा उग्र येईल.

कॉक-अ-लीकीत सुका मेवा? चुकून लिहिलंय का?

चुकून नाही. कोंबडी, लीक आणि प्रून, म्हणजे सुकवलेले आलुबुखार. मांसाबरोबर सुकी फळं शिजवणं ही तिकडची मध्ययुगापासूनची खोड आहे आणि या सूपात ती टिकून राहिली. दहा-बारा प्रून शेवटच्या अर्ध्या तासात घाला. गोड सूप होत नाही. मध्येच एक काळा, आंबटगोड घास लागतो, एवढंच.

नावात 'कॉक' आहे, कारण म्हातारा कोंबडा शिजवून संपवण्याचा हा मार्ग होता. म्हणून ब्रॉयलर नको. गावठी कोंबडी किंवा कोंबडा घ्या, सव्वा किलोच्या आसपास, दोन लिटर पाणी आणि चार-पाच लीक. अर्ध्या लीक सुरुवातीला कोंबडीबरोबर जाऊन विरघळतात, अर्ध्या शेवटच्या पंधरा मिनिटांत जाऊन दिसतात. गावठीला दीड-दोन तास द्या. ब्रॉयलर चाळीस मिनिटांत शिजतो आणि पाणी पाण्यासारखंच राहतं.

कलन स्किंक म्हणजे नक्की काय? आणि दूध फाटू नये म्हणून काय करायचं?

कलन हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, मरी भागातलं मासेमारीचं गाव. स्किंक हा शब्द मुळात जनावराच्या पायाच्या नळीसाठी आणि तिच्या सूपासाठी. किनाऱ्यावरच्यांनी नळीच्या जागी धूर दिलेला हॅडॉक मासा घातला आणि शब्द तसाच ठेवला. हॅडॉकचा जो प्रकार यात वापरतात तो फिनन, ॲबर्डीनच्या दक्षिणेकडच्या फिंडन गावावरून नाव पडलेला. तो थंड धुरात ठेवलेला असतो, म्हणजे कच्चाच असतो, शिजवावा लागतो. आर्ब्रोथ स्मोकी हा हॅडॉकचाच दुसरा प्रकार मात्र गरम धुरात शिजून निघतो, तो तसाच खाता येतो. दुकानात भडक पिवळा मासा दिसला तर तो रंगवलेला. फिकट घ्या.

चौघांसाठी मासा ४०० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, बटाटे अर्धा किलो, एक मोठा कांदा, लोण्याचा गोळा. कांदा लोण्यात पांढराच मऊ करा, बटाट्याच्या फोडी आणि त्या जेमतेम बुडतील एवढं पाणी घालून शिजवा. दुसऱ्या भांड्यात मासा दुधात पाच-सहा मिनिटं नुसता गरम राहू द्या, उकळू नका. काढून काटे आणि कातडी वेगळी करा, मोठे तुकडे ठेवा. निम्मे बटाटे ठेचा, त्यात ते धुरकट दूध ओता, मासा सोडा, मिरी घाला. दूध पडल्यानंतर उकळी आणायची नाही, हेच फाटण्यावरचं उत्तर. मीठ शेवटी, कारण मासा आधीच खारवलेला असतो.

इकडे हॅडॉक मिळत नाही. सुके बोंबील किंवा सुकट घालून बघण्याचा विचार करत असाल तर करू नका. उन्हात वाळवणं आणि धूर देणं या वेगळ्या चवी आहेत. मी रावस घेते, मीठ लावून तासभर ठेवते आणि झाकलेल्या भांड्यात निखाऱ्याची धुरी देते. त्याला कलन स्किंक म्हणायचं धाडस कलनमध्ये करणार नाही.

मासे आणि दूध एकत्र? अंगावर कोड येईल असं आई म्हणते.

आयुर्वेदात मासे आणि दूध हा विरुद्ध आहार मानला आहे, त्यामुळे आईचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. पण कोड हा त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने होणारा विकार आहे आणि तो मासे-दुधाने होत नाही. कलनच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या हे सूप पितात. तरीही मनाला पटत नसेल तर जबरदस्ती काय, कॉक-अ-लीकी करा.

वेल्समधलं काउल वेगळं कसं?

सामान स्कॉच ब्रॉथचंच: मेंढीचं मांस, बटाटे, स्वीड (सलगमसारखा, पिवळ्या गराचा मोठा कंद), गाजर, लीक. जव मात्र बहुधा नाही, आणि भाज्यांच्या फोडी मोठ्या. जुन्या पद्धतीत आधी नुसतं पाणी वाढायचं आणि मांस-भाज्या मागाहून. लाकडी वाडगा, लाकडी चमचा, बाजूला पाव आणि केर्फिली चीजचा तुकडा. दुसऱ्या दिवशी तापवलेल्या काउलला वेल्शमध्ये स्वतंत्र नाव आहे, कारण ते पहिल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं असं तिथे सगळेच मानतात. मीही मानते. आणि एखाद्या कामाचा कुणी विचका केला की त्याने त्याचं 'काउल' केलं असं म्हणतात, आपल्याकडे खिचडी होते तसं.

स्वीडऐवजी काय घालू?

नवलकोल आणि गाजर, निम्मं-निम्मं. सलगम एकटा घातलात तर कडवटपणा वर येतो. तिकडे असाल तर सावध राहा: इंग्लंडात ज्याला स्वीड म्हणतात त्यालाच स्कॉटलंडात टर्निप म्हणतात, आणि भाजीवाल्याशी वाद घालून उपयोग नसतो.

मुलिगाटॉनी ब्रिटिश की भारतीय?

नाव तमिळ, 'मिळगु तण्णीर', म्हणजे मिरीचं पाणी. मद्रासेतल्या इंग्रजांनी जेवणाआधी सूप हवंच म्हणून त्यात मांस, भात, करी पावडर आणि पुढे सफरचंदसुद्धा घातलं, आणि ते इंग्लंडात नेऊन डब्यात भरलं. मद्रासच्या इंग्रजांना त्यावरून 'मल्स' असं टोपणनाव पडलं. मुंबईच्या इंग्रजांना 'डक्स' म्हणत, आपल्या बोंबलावरून. एकूण आपला हिशेब बरा जमला.

बरोबर काय वाढावं?

जाड सालीचा पाव आणि लोणी. पुण्या-मुंबईत इराण्याचा ब्रून पाव यासाठी जन्माला आल्यासारखा आहे.

किती दिवस टिकतं?

गॅस बंद केल्यावर तास-दोन तासांत थंड करून फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधे गरमच राहतं, म्हणून पसरट भांड्यांत काढा. दोन दिवसांत संपवा. पुन्हा तापवताना पूर्ण वाफा येईपर्यंत, आणि एकदाच. लागेल तेवढंच काढून घ्या. उरलेलं फ्रीझरला. दुधाचं स्किंक फ्रीझ केलं तर नंतर फुटतं.

एक हिरवी मिरची टाकली तर?

टाका. आमच्याकडे मुलगा वाडग्यात वरून ठेचा घेतो आणि मी दुसरीकडे बघते. फक्त पातेल्यात नको, वाडग्यात.